उन्हाळी लागली की काढा पुरे?
कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये लघवीला जळजळ झाली की घरोघरी एकच निदान: उन्हाळी लागली. मग रात्रभर भिजवलेल्या धन्या-जिऱ्याचं पाणी, नाहीतर कागदाच्या पुडीतून आणलेल्या काटेरी सराट्यांचा, म्हणजे गोखरूचा काढा. पाणी कमी पडून लघवी गडद पिवळी झाली असेल तर आराम पडतो, खरंच पडतो. पोटात पाणी गेलेलं असतं ना! पण थेंब-थेंब होणं, थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं ही बहुतेकदा जंतूंची लागण, बऱ्याचदा ई. कोलायची. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, म्हणून त्यांना जास्त. काढ्याच्या भरवशावर राहिलं तर जंतू मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात. लघवी तपासून घ्या. कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, रिपोर्ट साधारण २-३ दिवसांत येतो. गरोदर बाई आणि मधुमेही यांनी तर एक दिवसही घालवू नये.