लक्षणं ओसरणं आणि माणूस सावरणं

स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या उपचारांत घरचे लोक डॉक्टरांना हमखास विचारतात, "हा पूर्ण बरा कधी होणार?" भास-भ्रम कधी थांबतील, हे त्यांना विचारायचं असतं आणि पोरगं पुन्हा मार्गाला कधी लागेल, हेही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतील असं नाही.

लक्षणं ओसरण्याला माप आहे. २००५ साली तज्ज्ञांच्या एका गटाने ते ठरवलं: भास, भ्रम, विचारांचा विस्कळीतपणा, भावनांचा बधिरपणा अशी आठ लक्षणं सलग ६ महिने सौम्य किंवा त्याहूनही कमी राहायला हवीत. यात मोठा वाटा औषधांचा. आणि इथेच घात होतो. भासात ऐकू येणारे आवाज थांबले की घरात कुणीतरी म्हणतंच, "आता ठणठणीत आहे, गोळ्या कशाला?" परस्पर गोळ्या बंद केल्या की आजार उलटण्याचा धोका कितीतरी वाढतो. डोस कमी करायचा तर डॉक्टरांशी बोलून, हळूहळू.

सावरणं असं मोजता येत नाही. आवाज थांबलेत, पण मुलगा अकरापर्यंत अंथरुणात आहे. समोरचा चहा निवून जातो. दाढीसाठी आईला चारदा सांगावं लागतं. घरचे याला आळस म्हणतात. खरं तर हे बऱ्याचदा आजाराचंच उरलेलं लक्षण असतं, कधी गोळ्यांची सुस्ती. त्यावरून सतत टोचून बोललं जातं त्या घरांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे.

उलट, एखाद्या बाईला आवाज अधूनमधून येतच राहतात. आले की ती रेडिओ लावते, बहिणीला फोन करते आणि दहाला कामावर हजर होते. माझ्या लेखी ती जास्त सावरलेली आहे.

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या सरकारी मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं पडून असलेल्या रुग्णांना १९५०च्या दशकात राहायला जागा, काम आणि पाठबळ देऊन बाहेर आणलं गेलं. त्यांची आशा जवळपास सगळ्यांनी सोडली होती. संशोधक कोर्टनी हार्डिंग आणि सहकाऱ्यांनी सरासरी ३२ वर्षांनी त्यांना गाठलं. १९८७ साली निष्कर्ष छापून आले: अर्धे ते दोन-तृतीयांश लोक बरे झाले होते किंवा बरेच सुधारले होते. मला यात सगळ्यात मोलाची वाटतात ती वर्षं. सावरायला दशकं लागू शकतात आणि दशकांनंतरही माणूस सावरतो.

आपल्याकडे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराचा अनुभव गाठीशी घेऊन पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे आजाराशी झगडणारा तो शुभार्थी, त्याची काळजी घेणारा तो शुभंकर. स्वमदत गटात दोघांनाही जागा आहे.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना आवाजांबद्दल सांगाल, तेव्हा एवढंही विचारा: घरातलं कोणतं काम आता याच्यावर सोपवू? सकाळचं दूध आणणंही चालेल. आणि मध्येच कुणाशी बोलावंसं वाटलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.