शरदातील तलावमासेमारी (ठाणे–नवी मुंबई)

पावसाळा सरल्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत तलावांत आणि खाडीलगतच्या तळ्यांत गळाने केली जाणारी मासेमारी. थंड देशांत हा ट्राउट आणि बास या गळाच्या आवडत्या माशांचा हंगाम. तिथे पाणी निवू लागते, वरचा ऊबदार आणि तळाचा गार थर एकमेकांत मिसळतात आणि ट्राउट उथळात चरायला येतो. ठाण्यात नेमके उलटे घडते. मोसमी पाऊस साधारणपणे ८ ऑक्टोबरच्या आसपास मुंबई परिसरातून परततो, आभाळ मोकळे होते आणि ऑक्टोबर हीट सुरू होते. गार पाण्यातला ट्राउट इथे नाहीच.

तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो: १५ अंशांना लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यात पावसाचा गाळ खाली बसला की ऊन आत शिरते आणि शेवाळ माजून पाणी हिरवे होते. हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, रात्री मात्र स्वतःच तो वापरते. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करताना दिसतात. नवख्याला वाटते, मासळी भुकेली आहे. ती गुदमरलेली असते; तेव्हा आमिषाला तोंड लागणे कठीण. हिरव्या तलावावर ऊन चांगले वर येईपर्यंत थांबलेले बरे.

मरळ याला अपवाद, कारण तो हवेतूनही श्वास घेतो. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत, त्यामुळे तलावात त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडावी लागतात. चिलापीला कुणी सोडावे लागत नाही. ती गांडुळावर किंवा कणकेच्या गोळीवर येते. तंगूसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, बांधलेला थर्माकोलचा तरंगता तुकडा आधी नुसता थरथरतो. तेवढ्यावर झटका दिला तर गळ रिकामा येतो, तुकडा तिरका सरकू लागेपर्यंत धीर धरावा. ठाण्यातली मासुंदा अर्थात तलावपाळी मात्र फेरफटका आणि नौकाविहारासाठीच जास्त ओळखीची.

बासचा आपल्याकडचा नातलग म्हणावा असा मासा म्हणजे जिताडा. तो खाडीतला, पण निमखाऱ्या आणि गोड्या पाण्यातही वाढतो. लहानपणी नर असतो, मोठेपणी मादी होतो. नवी मुंबईत भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून शहरात पूर येऊ नये म्हणून खाडीलगत धारण तलाव आहेत. अशा तलावाच्या बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायचे दार, असते. ओहोटीला तिथून पाणी सुटले की कोळंबी आणि बारकी मासळी वाहत येते आणि जिताडा तोंडाशी दबा धरतो. जिवंत कोळंबी लावून गळ टाकायचा तो इथेच. कोजागरीच्या उधाणानंतरची ओहोटी त्यासाठी विशेष जोराची.