व्याज तुमच्या बाजूने की तुमच्यावर?

सल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "पैसे गुंतवू कशात?" आम्ही आधी क्रेडिट कार्डाचं बिल मागतो. काहींना ते खटकतं. पण पैसा वाढवणारं आणि पोखरणारं गणित एकच, चक्रवाढीचं.

बिलावर 'किमान देय रक्कम' छापलेली असते. तेवढी भरली की विलंब शुल्क लागत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. समजा, थकबाकी १००, व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान भरणा बिलाच्या ५ टक्के. कार्ड नव्याने एकदाही न वापरता वर्षभर नेमाने एवढंच भरलंत, तर खिशातून सुमारे ५५ जातात आणि डोक्यावर तरीही ७७ उरतात! महिन्याचे ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीसच्या वर. इतका परतावा खात्रीने देणारी गुंतवणूक आम्हाला माहीत नाही. कोणी देतो म्हणाला तर चार हात लांब राहा. तेव्हा आधी हे कर्ज फेडा.

सोबत तीन-चार महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात बाजूला ठेवा, नाहीतर पहिल्याच आजारपणात कार्ड पुन्हा बाहेर येतं.

कर्ज फिटलं की तोच हप्ता गुंतवणुकीकडे वळवा. पगार वाढेपर्यंत थांबू नका. बहिणीने पंचविशीपासून १० वर्षं दरसाल ठरावीक रक्कम टाकली, मग एक पैसाही नाही. भावाने पस्तिशीला सुरुवात करून तेवढीच रक्कम २५ वर्षं टाकली. दोघांनाही ८ टक्के मिळाले आणि मधे कोणी पैशाला हात लावला नाही, तर साठीला बहिणीकडे त्या वार्षिक रकमेच्या सुमारे ९९ पट जमा असते, भावाकडे ७३ पट. प्रत्यक्षात परतावा दरवर्षी इतका सरळ येत नाही, पण आधीच्या दहा वर्षांचं वजन यातून कळतं.

शुल्काकडेही लक्ष हवं. एकरकमी गुंतवलेल्या पैशावरच्या ८ टक्क्यांतला १ टक्का दरवर्षी शुल्कात गेला, तर ३० वर्षांनी हातातली रक्कम जवळपास चौथाईने कमी भरते. आमच्यासकट प्रत्येकाला हा आकडा आधी विचारा.

किरकोळ खर्चावरून आम्ही कोणाला टोकत नाही. खरा खड्डा पडतो तो मोठ्या खरेदीत, "हप्ता परवडतोय ना" म्हणून घेतलेल्या गाडीत. हप्ता किती, यापेक्षा शेवटच्या हप्त्यापर्यंत एकूण किती भरणार, ते विचारा आणि विक्रेत्याकडून लिहून घ्या.

भेटीला येताना मागच्या तीन महिन्यांची कार्डाची बिलं आणि बँक स्टेटमेंट आणा. खर्चाची वही नसली तरी चालेल.