चेहऱ्यावर नसलेला व्रण

१९८० साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा या मानसशास्त्रज्ञांनी एका खोडकर प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी काही सहभागींच्या चेहऱ्यावर मेकअपने ठसठशीत व्रण रंगवला, तो त्यांना आरशात दाखवला आणि मग ‘रंगाला तडे जाऊ नयेत म्हणून जरा क्रीम लावतो’ असं म्हणत चक्क पुसून टाकला. सहभागींना त्याची गंधवार्ताही नव्हती. त्यानंतर त्यांना एका अनोळखी व्यक्तीशी गप्पा मारायला बसवलं. बाहेर आल्यावर त्यांचं म्हणणं काय, तर व्रणामुळे समोरची व्यक्ती अवघडली होती, कीव केल्यासारखी वागत होती! बिचाऱ्या त्या व्यक्तीने व्रण पाहिलाच नव्हता.

समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्येच म्हटलं होतं, की समाज हा आपला आरसा असतो. आपण इतरांना कसे दिसत असू, ते आपल्याबद्दल काय म्हणत असतील, याचे आपण अंदाज बांधतो आणि त्यातून अभिमान किंवा शरम वाटून घेतो. ‘लोक म्हणतात तसे आपण घडतो’ एवढाच याचा अर्थ काढला, तर निम्मी गंमत हातची जाते. कूलींचा भर लोकांच्या मतापेक्षा त्या मताविषयीच्या आपल्या कल्पनेवर होता.

मुळात ‘मी’ ओळखू यायलाच सोबत लागत असावी. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये चिंपांझींना भूल देऊन त्यांच्या भुवईवर आणि कानावर लाल रंग लावला. शुद्धीवर आल्यावर आरशात बघत ते नेमके तेच डाग चाचपू लागले. पण लहानपणापासून एकटे वाढवलेले चिंपांझी नंतरच्या अशाच चाचणीत नापास झाले. प्रयोग क्रूर, पण उत्तर बोलकं.

माणसाचे अंदाज चुकतात, कारण तोंडावर खरं कोण सांगतं? शिवाय आपण मुळात स्वतःच्याच डोक्यातून बघत असतो. २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. शर्टावर कोणाचं चित्र आहे, हे जवळपास निम्म्यांना सांगता येईल, असं तो घालणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ते जेमतेम पाव लोकांना सांगता आलं.