सत्तुराचं पोलाद आणि त्याचं पाणी

सोलापुरात लोहाराकडे सत्तूर किंवा सुरा करायला टाकला की पहिला प्रश्न येतो, "पाट्याचा करू ना?" पाटा म्हणजे ट्रकच्या चाकावरची स्प्रिंगची पट्टी. ऐकताना ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची वाटते, पण ती ट्रक आल्यानंतरची.

त्याआधी पोलाद जपून वापरायची चीज होती. बलुत्यावर काम करणारा लोहार अवजाराचं अंग साध्या लोखंडाचं करी आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून त्यात बसवी. 'कुऱ्हाडीला पोलाद घालून आण' असं म्हणतात ते त्यातूनच आलं.

हे पोलाद दख्खनला नवं नव्हतं. लोखंड आणि लाकूडफाटा मातीच्या मुशीत बंद करून तापवायचं, की सुमारे दीड टक्का कार्बनचं पोलाद तयार होई. निजामाबादकडचं कोनासमुद्रम त्यासाठी प्रसिद्ध होतं. तिथला माल न्यायला इराणी व्यापारी येत. कानडी आणि तेलुगूत पोलादाला 'उक्कू' म्हणतात. सोलापूरकराला तो शब्द ऐकून माहीत असतो. इंग्रजांनी त्याचंच 'वूट्झ' केलं असं बहुतेक मानतात. १७९४ मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून त्याचे नमुने लंडनला पाठवले. पुढे विजेवरच्या शोधांसाठी प्रसिद्ध असलेला शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यानंही त्यावर प्रयोग केले, आणि तो लोहाराचाच मुलगा! या पोलादाची खोड एकच: जास्त तापवून घण घातला की भुगा.

१८५६ मध्ये पोलाद स्वस्तात करायची बेसेमरची पद्धत आली, १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली. स्वस्त विलायती पोलादापुढे मुशी हळूहळू थंडावल्या. नंतर पुणे-हैदराबाद रस्त्यावर ट्रक वाढले आणि भंगारात पाटे येऊ लागले. पाट्यात कार्बन अर्धा-पाऊण टक्का, जोडीला सिलिकॉन किंवा क्रोमियम. हा माल चुका पोटात घालतो. मी एकदा हौसेनं जुन्या कानशीची सुरी करवली होती. कानशीत कार्बन टक्क्याच्या वर. पाण्यात बुडताच 'टिंग' झालं आणि पात्याला केसासारखी चीर गेली.

खरी कला पाणी देण्यात, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करण्यात. लोहार लालभडक पात्याची फक्त धार बुडवतो. बाहेर काढून ती विटेच्या तुकड्यावर घासतो, काळी खपली निघून पांढरं पोलाद दिसेपर्यंत. पाठीत राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि रंग चढू लागतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा तीनशेच्या. सुरीला पिवळ्यावर, घाव सोसणाऱ्या सत्तुराला त्याच्या जरा पुढे थांबवायचं आणि सगळं पातं बुडवायचं. पहिल्या बुडवणीत जी कडक, ठिसूळ घडण होते तिला १८९५ मध्ये 'मार्टेन्साइट' हे नाव मिळालं. तोवर लोहारांच्या कितीतरी पिढ्या ती रंगावरून सांभाळत आल्या होत्या.

आता हौशी गिऱ्हाईक 'डी-टू' नावाचं पोलाद मागतं. त्यात क्रोमियम १२ टक्के. पाट्याला साधारण साडेआठशे अंश पुरतात, डी-टूला हजाराच्या वर न्यावं लागतं, तिथे काही मिनिटं स्थिर धरावं लागतं, आणि मग ते नुसत्या हवेवर कडक होतं. कोळशाच्या भट्टीत, भात्यावर हे अवघड. विजेची भट्टीच हवी. तरी धार टिकली नाही की बोल लोहाराला. मला हा अन्याय वाटतो. त्याचा हात आणि डोळा पाट्यावर घडलेला, आणि पोलाद निवडलंय दुसऱ्यानंच.

तो काही वाद घालत नाही. चिमट्यात धरलेल्या पात्याच्या धारेवरून कानस फिरवतो. घसरली तर पाणी लागलं, चावली तर पुन्हा भट्टीत.