हिवाळ्यात बंद ठेवलेल्या स्विमिंग पूलमधलं शेवाळ

जिथे थंडी कडक असते तिथे स्विमिंग पूल काही महिने झाकून ठेवतात, आणि तेवढ्या काळात पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून बंद करायच्या आधी पाण्यावर जे उपाय करतात त्यांची ही नोंद आहे. पाइपमधलं पाणी काढणं, पंप आणि फिल्टर रिकामे करणं वगैरे कामं इथे गृहीत धरली आहेत.

आधी शब्दाचं. मराठीत दगडावरच्या हिरव्या मऊ थरालाही शेवाळ म्हणतात आणि पाण्यातल्या हिरवटपणालाही, वनस्पतिशास्त्रात मात्र पाण्यातल्याला शैवाल हा शब्द आहे. पूलमध्ये दिसतं ते सगळं शैवालच असतं असंही नाही. पाणी हिरवं करतं ते खरं शैवाल. प्लास्टरच्या छिद्रांत घट्ट रुतून बसणारे काळे ठिपके म्हणजे सायनोबॅक्टेरिया आणि गुलाबी बुळबुळीत थर तर सरळ बॅक्टेरियाचा. सावलीतल्या भिंतीवर पिवळट धुळीसारखं बसतं, ब्रश लावला की उडतं आणि पुन्हा तिथेच येतं, त्याला कोणी कुठल्या गटात टाकतं तर कोणी कुठल्या, हिरव्या शैवालाचाच प्रकार मानणं जास्त पटतं.

पाणी साधारण १५ अंश सेल्सियसच्या खाली गेल्यावरच पूल बंद करावा असं बहुतेक जाणकार सांगतात. शैवाल थंडीने मरत नाही, फक्त वाढ मंदावते, त्यामुळे पाणी कोमट असतानाच घाईने झाकण टाकलं तर क्लोरीन संपतं आणि शैवालाला आयतं रान मोकळं मिळतं.

खरा वाद आहे तो क्लोरीन किती ठेवायचं याचा. जुनी पद्धत अशी की मोकळं क्लोरीन, म्हणजे अजून वापरलं न गेलेलं, १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) आणि पीएच ७.२ ते ७.६ असला की झालं, कारण क्लोरीनचं जे रूप मारक असतं ते हायपोक्लोरस आम्ल, आणि पीएच ७.५ च्या आसपास निम्मं क्लोरीन त्या रूपात असतं, पीएच चढला की ते घटतं. हे बरोबरच आहे, पण सायन्युरिक आम्ल नसलेल्या पाण्यापुरतं. हे आम्ल उन्हापासून क्लोरीन वाचवायला घालतात, पूलमध्ये त्याचा वापर बहुधा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला, आणि ते बहुतेक क्लोरीन स्वतःला बांधून ठेवतं. या समतोलाचे आकडे ओब्रायन, मॉरिस आणि बटलर यांनी १९७४ मध्ये मांडले, त्यावरून दिसतं की हाताशी उरणारं मारक क्लोरीन मुख्यतः क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल यांच्या एकमेकांशी असलेल्या प्रमाणावर ठरतं आणि पीएचचा परिणाम बराच बोथट होतो. म्हणून नुसता क्लोरीनचा आकडा न बघता ते सायन्युरिक आम्लाच्या निदान ७.५ टक्के ठेवा असा हिशेब आता बरेच जण धरतात, म्हणजे आम्ल ४० पीपीएम असेल तर क्लोरीन ३, आणि १०० असेल तर साडेसात. सगळ्या उत्पादकांना हे मान्य नाही, पण दोन पीपीएम क्लोरीन असूनही पाणी हिरवं का झालं याचं उत्तर याच हिशेबात मिळतं. बंद करताना तर क्लोरीन याच्याही वर नेतात, कारण नंतर भर घालायला कोणी नसतं. एक गोष्ट जिवाची आहे, कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोर ही क्लोरीन देणारी दोन रसायनं कोरडी एकत्र कधीच करू नयेत, अगदी एकाच मापाने आळीपाळीनेसुद्धा घेऊ नयेत, आग लागते, स्फोट होतो.

शैवालनाशकांत सगळ्यात जुनं तांबं. मूर आणि केलरमन यांनी १९०४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातर्फे पाणीपुरवठ्याच्या जलाशयांसाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, सुचवला होता, पूलमध्ये तो नेमका कधी आला याबद्दल खात्रीने लिहिण्यासारखं काही हाताशी नाही. तांब्याचे डाग प्लास्टरवर पडतात, आणि सोनेरी केस हिरवे होतात तेही तांब्यामुळे, क्लोरीनमुळे नाही. दुसरा प्रकार क्वाट, म्हणजे चतुर्थक अमोनियम संयुगं, पण साधी क्वाट फेस करतात. त्यामुळे हिवाळ्यासाठी ६० टक्क्यांचं पॉलिक्वाट (त्याच जातीचं, पण लांब साखळीच्या रेणूंचं) बरं, फेस नाही, डाग नाही, फक्त क्लोरीन खूप चढलेलं असताना ते मोडतं म्हणून क्लोरीन उतरल्यावर टाकायचं. तरी हे सगळं क्लोरीनच्या जोडीला, आधी भिंती घासून, पानं-गाळ काढून पाणी स्वच्छ हवं.

फॉस्फेट हे शैवालाचं खाद्य, ते पाण्यातून काढणाऱ्या औषधांबद्दल मतभेद आहेत. क्लोरीन पुरेसं असेल तर त्यांची गरज सहसा पडत नाही.

झाकण पक्कं असलं की उजेड अडतो. जाळीच्या झाकणातून थोडा उजेड आणि पावसाचं पाणी येतं, म्हणून तिथे पूल लवकर उघडावा लागतो, पाणी पुन्हा १५ अंशांवर जायच्या आत. कधी कधी हिवाळाभरात बॅक्टेरिया सायन्युरिक आम्ल खाऊन अमोनिया करतात, मग उघडताना आम्ल जवळजवळ शून्य दिसतं आणि घातलेलं क्लोरीन थोड्याच वेळात नाहीसं होतं, अशा वेळी अमोनिया संपेपर्यंत क्लोरीन घालत राहायचं आणि आम्लाचं माप नव्याने घ्यायचं.