जाहिरातीत पळणारं जाड शरीर: पार्श्वभूमी

दिवाळीआधी वहिनीसोबत बेळगावच्या बाजारात गेले होते. डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं, त्यासाठी कपडे घ्यायचे होते. दुकानाच्या काचेवर मोठं पोस्टर होतं, भरल्या अंगाची एक बाई घामाघूम होऊन पळतेय. पोस्टरवरची ओळ इंग्रजीत, वरची पाटी कन्नडमध्ये आणि आत बोलणं मराठीत, आमच्या गावात असंच असतं. पोस्टर बघून वहिनीला धीर आला. आत जाऊन तिने ट्रॅकपँट मागितली. काउंटरवरच्या पोराने तिला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "वैनी, तुमच्या मापात येत नाय. जेन्ट्समधलं बघा की."

जाड माणसांना घेऊन केलेल्या खेळाच्या कपड्यांच्या जाहिराती उमेद देतात की त्यांच्या शरीराचा वापर करून घेतात, हा वाद जगभर चालतो. माझ्यापुरता तो त्या काउंटरवर सुरू झाला. त्याची मुळं मात्र शंभराहून अधिक वर्षं मागे जातात.

आपल्या घराघरांत वाळत पडणारं सँडो बनियन युजेन सँडो या माणसाच्या नावाचं. प्रशियात जन्मलेला हा बलवान गडी स्नायूंचे खेळ करत जगभर फिरला, १९०५च्या सुमारास हिंदुस्थानातही येऊन गेला. तो डंबेल्स विकायचा, व्यायामाचे धडे विकायचा, मासिक काढायचा. स्वतःचं शरीर हीच त्याची जाहिरात होती. त्याच्यानंतर अमेरिकेत चार्ल्स ॲटलासने टपालाने व्यायामाचे धडे विकले. त्याच्या जाहिराती चित्रकथांसारख्या असायच्या. समुद्रकिनारी एक दांडगा माणूस काटकुळ्या तरुणाच्या तोंडावर वाळू उडवतो, तरुण खाली मान घालून घरी जातो आणि मग धडे मागवतो. तेव्हा लाज जाडपणाची नव्हती, हडकुळेपणाची होती. आधी माणसाला स्वतःच्या अंगाची लाज वाटायला लावायची आणि मग औषध विकायचं, ही रीत तेव्हाच पक्की झाली.

आमच्या सीमाभागात तर भरलेल्या अंगाला मानच होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, आणि त्या हवेवर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या तालमीही वाढल्या. घरात एक म्हैस पोराच्या दुधासाठी राखलेली असायची. खुराक, बदाम, थंडाई, पहाटेचे जोर-बैठका. आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान भरलं की रुंद मानेचा, पोट सुटलेला वस्ताद कडेला नुसता बसला तरी माणसं वाकून नमस्कार करत. हे अंग दिसायला कसं आहे, असं कुणी विचारत नव्हतं. ते काय करू शकतं, एवढंच बघायचे.

मग मोजमापं आली. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी १९४०च्या दशकात उंची आणि वजनाचे तक्ते प्रमाण मानले. कुठल्या वजनाचा माणूस लवकर मरतो याचा तो धंद्यापुरता हिशेब होता. १९७२मध्ये ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंचीच्या मानाने वजन मोजणाऱ्या जुन्या एका गणिताला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. भारतीयांच्या पोटावर चरबी लवकर साठते, मधुमेह कमी वजनालाही गाठतो, म्हणून २००९मध्ये आपल्या डॉक्टरांनी भारतीयांसाठी या निर्देशांकात २३च्या पुढे जादा वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा असा निकष सुचवला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २५ किंवा त्याहून जास्त निर्देशांक असलेल्या महिला २०१५-१६मध्ये २०.६ टक्के होत्या, २०१९-२१मध्ये २४ टक्के झाल्या. पुरुष १८.९वरून २२.९वर गेले. म्हणजे काळजी खोटी नाही. वहिनीचे डॉक्टर चुकले नव्हते.

खेळाच्या कपड्यांच्या जाहिरातीत साधा माणूस आला तो १९८८मध्ये. नायकीच्या 'जस्ट डू इट' मोहिमेतल्या पहिल्या जाहिरातीत ८० वर्षांचे वॉल्ट स्टॅक सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून पळताना दिसतात. रोज सकाळी १७ मैल पळतो, असं ते सांगतात. ते मुळात धावपटूच होते, जाहिरातीने त्यांच्याकडून काही नवं करून घेतलं नाही.

नायकीच्याच २०१२च्या जाहिरातीचं तसं नाही. लंडन ऑलिंपिकची अधिकृत पुरस्कर्ती आदिदास होती. म्हणून नायकीने जगातल्या इतर 'लंडन' नावाच्या गावांत जाऊन चित्रीकरण केलं. त्यातलं एक गाव अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं. तिथला १२ वर्षांचा, सुमारे ९० किलो वजनाचा मुलगा एका सुनसान रस्त्यावर कॅमेऱ्याकडे पळत येतो. मिनिटभर फक्त तेवढंच. त्याच्या पावलांचा आवाज, धाप आणि मागून एक आवाज सांगतो की थोरपण मूठभरांची मिरास नव्हे.

मी ही जाहिरात पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझे डोळे भरले, हे लपवणार नाही. पण तो मुळात पळणारा मुलगाच नव्हता. चित्रीकरणात त्याला रस्त्याकडेला उलटी झाल्याचं बातम्यांत आलं. कित्येकांना ती जाहिरात धीर देऊन गेली, कित्येकांना वाटलं की लेकराच्या अंगाचं प्रदर्शन मांडलंय. मला दोन्ही पटतं, पण माझं पारडं दुसऱ्या बाजूला झुकतं. स्टॅक यांचं पळणं त्यांचं स्वतःचं होतं. या मुलाकडून मागितलं गेलं ते त्याचं वजन. आणि १२ वर्षांचं पोर असल्या गोष्टीला जी संमती देतं तिचा अर्थ त्याला पुरता कुठं कळतो?

पुढच्याच वर्षी लुलुलेमन या व्यायामाच्या कपड्यांच्या कॅनडातल्या कंपनीच्या संस्थापकांनी मुलाखतीत म्हटलं की काही बायकांची शरीरं त्यांच्या पँटला चालतच नाहीत. गदारोळ झाला आणि त्यांना अध्यक्षपद सोडावं लागलं. २०१५मध्ये स्पोर्ट इंग्लंड या सार्वजनिक संस्थेने 'धिस गर्ल कॅन' मोहीम काढली. लोक काय म्हणतील या भीतीने कित्येक बायका खेळायला बाहेर पडत नाहीत, हे त्यांना पाहणीत दिसलं होतं. त्यांनी नट्या घेतल्या नाहीत, खरोखर पोहणाऱ्या, नाचणाऱ्या, पळणाऱ्या बायका घेतल्या. हलणारं पोट, लाल झालेला चेहरा, सगळं तसंच ठेवलं. त्यांना बूट विकायचे नव्हते, हा फरक मला फार मोठा वाटतो.

नायकीने २०१७मध्ये मोठ्या मापांचे कपडे आणले, २०१९मध्ये लंडनच्या दुकानात जाड बाईचा पुतळा उभा केला. अशी बाई पळूच शकत नाही, असं तिथल्या एका वर्तमानपत्रातल्या लेखात छापून आलं. त्याच अंगाच्या बायकांनी उत्तरादाखल आपले मॅरेथॉन पळतानाचे फोटो टाकले. त्या पुतळ्याच्या बाजूने मी बोलेन, कारण त्याच्या अंगावरचा कपडा त्याच दुकानात मिळत होता.

आमच्याकडे आता 'पैलवान' हा शब्द टोमणा झालाय. जाड पोरगं शाळेच्या मैदानावर धावलं की मागून हाक येते, "पैलवान पळालाय बघ!" आमच्या बोलीत 'पळालाय' म्हणजे पळतोय. पोरगं मात्र ते ऐकून थांबतं. आमच्या घरातलंही एक असंच थांबलं, पुन्हा मैदानावर गेलं नाही.

वहिनीने शेवटी पुरुषांची ट्रॅकपँट घेतली, लांबीत चार बोटं जास्त. घरी येऊन तिने ती स्वतः मशीनवर आत घेतली. सकाळी सहाला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आम्ही दोघी जातो. वर दादाचा जुना टी-शर्ट, त्यावर ओढणी. पहिल्या आठवड्यात ती ओढणी सारखी सावरत होती. परवा तिने ती घरीच खुंटीला ठेवली.